वाळवंटी नदीची पातळी मोबाइलवर जिवंत दिसायला हवी

मा. संपादक यांस,

पाऊस जोर धरायला लागला की गोव्यातल्या साखळी, डिचोली, वाळपईकडच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विचारणा सुरू होते, वाळवंटी नदीला पाणी किती चढलं. उत्तर म्हणून येतो कोणीतरी पुलावरून काढलेला फोटो, आणि तो आत्ताचा की मागच्या वर्षीचा हे पाठवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. बाजारातले दुकानदार अशा फोटोच्या भरवशावर ठरवतात माल वरच्या फळीवर चढवायचा की नाही. मला हे दरवर्षी खटकतं, कारण मोजमाप होत नाही असं तर नाहीये, पाऊस मोजला जातो, नदीची पातळी मोजली जाते, धरणातलं पाणी मोजलं जातं, भरती-सुकतीच्या (ओहोटीच्या) वेळा तर वर्षभराच्या आधीच काढून ठेवलेल्या असतात. अडतं ते पुढे, हे आकडे लोकांपर्यंत ज्या रूपात येतात तिथे. आपल्याकडे बरेचदा आकडा म्हणजे पीडीएफ, तीही कागदावर छापून परत स्कॅन केलेली, नाहीतर कोणीतरी एक्सेलमधल्या ग्राफचा काढलेला स्क्रीनशॉट. पत्र थोडं लांब झालंय, पण काटछाट करायची झाली तर तांत्रिक भाग कापू नका ही विनंती, मुद्दा सगळा त्यातच आहे.

मला जे हवंय ते असं. मोबाइलच्या किंवा कंप्यूटरच्या ब्राउझरमध्ये एक आलेख उघडावा, तो सर्व्हरशी जोडलेला राहावा, आणि नवीन मोजमाप आलं की पान रिफ्रेश न करता रेषा आपोआप पुढे सरकावी. रेषेवर बोट ठेवलं की त्या वेळची पातळी दिसावी. कालची रात्र बघायची असेल तर तेवढाच भाग ओढून मोठा करता यावा, साखळीच्या जागी दुसरं ठिकाण निवडता यावं. ऐकायला मोठं वाटतं पण आज पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा येणारा कॉलेजचा मुलगा किंवा मुलगी हे एका आठवड्यात उभं करू शकते, मी संगणक शिकवतो, मुलांना हे करताना बघतो, म्हणून खात्रीने लिहितोय.

हे चालतं कसं ते सांगतो. नेहमीची वेबसाइट म्हणजे ब्राउझर मागतो, सर्व्हर देतो, आणि तिथे दोघांचा संबंध संपतो. पुढे काही बदललं तर सर्व्हरला ते सांगायची सोय नाही, ब्राउझरनेच परत परत विचारत राहायचं, बदल झालेला असो किंवा नसो. २०११ च्या डिसेंबरात वेबसॉकेटचा नियम आरएफसी ६४५५ म्हणून पक्का झाला आणि चित्र बदललं, आता फोन लावल्यावर कट न करता तसाच चालू ठेवावा तशी दोघांमध्ये एक लाइन उघडी राहते आणि कोणीही कधीही बोलू शकतं. सर्व्हरकडे नवीन आकडा आला की तो लगेच तुमच्या स्क्रीनकडे ढकलतो.

या लाइनवर आलेख चालवायला बरीच साधनं आहेत. आर भाषेत काम करणाऱ्यांकडे २०१२ पासून शायनी आहे, पायथॉनवाल्यांकडे डॅश, स्ट्रीमलिट, पॅनल आहेत. मुलांबरोबर मी जास्त वापरलंय ते बोके (Bokeh) नावाचं पायथॉनचं साधन, म्हणून त्याच्याबद्दलच लिहितो. ते फुकट आहे, त्याचं लायसन्स बीएसडी, म्हणजे सरकारने वापरलं तरी कोणाला एक रुपया द्यावा लागत नाही. त्याची रचना मला फार आवडते. आलेखाची एक प्रत सर्व्हरवर पायथॉनमध्ये असते, दुसरी ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टमध्ये, आणि बोकेचा सर्व्हर, जो टॉर्नेडो या पायथॉनच्या वेबसर्व्हरवर बांधलेला आहे, तो या दोन्ही प्रती वेबसॉकेटवरून सतत जुळवून ठेवतो. पायथॉनकडे आकडा बदलला की स्क्रीनवर बदलतो. उलटंही तसंच, तुम्ही स्क्रीनवर स्लायडर सरकवून २४ तासांऐवजी ७२ तास मागितले की तो निरोप सर्व्हरवरच्या पायथॉनकडे जातो, तिथे हिशेब होतो आणि नवीन रेषा परत येते. मुलांना जावास्क्रिप्टची एक ओळ लिहावी लागत नाही.

यात कामाची गोष्ट म्हणजे स्ट्रीम. नवीन मोजमाप आलं तर अख्खी फाइल परत पाठवत नाहीत, फक्त तो नवा ठिपका जातो. रोलओव्हर म्हणून एक आकडा देता येतो, त्याच्यापुढे गेलं की जुने ठिपके मागून गळत जातात, म्हणजे पान दिवसभर उघडं राहिलं तरी मोबाइल गरम होऊन अडकत नाही. दर मिनिटाला एक नोंद धरली तर दिवसाच्या १,४४० आणि वर्षाच्या ५,२५,६०० नोंदी होतात, एवढ्या सगळ्या सत्तरी तालुक्यातल्या डोंगरातल्या नेटवर्कवर कोणाच्या फोनवर ढकलायच्या. त्या सर्व्हरवर राहू देत, स्क्रीनवर मावेल तेवढंच गाळून पाठवायचं, सर्व्हर जोडलेला असण्याचा खरा फायदा हा.

आणि जिवंत म्हणजे दर सेकंदाला हललंच पाहिजे असं नाही, हे मी मुलांना परत परत सांगतो. पातळीचं यंत्र पंधरा मिनिटांनी नोंद देत असेल तर सर्व्हरने दर सेकंदाला तिकडे डोकावण्यात काय अर्थ आहे, मिनिटाला एकदा बघितलं तरी पुरे. बोकेमध्ये ठराविक वेळाने एखादं काम परत करायची सोय आहे, मिलिसेकंदात वेळ द्यायची, बस्स.

आता गोव्याला हे एवढं का लागतं ते लिहितो. आपल्या नद्या लांबीने लहान, घाटावर पडलेला पाऊस काही तासांत खाली येतो, आणि खाली समुद्राची भरती वाट अडवून उभी असते. वाळवंटी जिला जाऊन मिळते त्या मांडवीत भरतीचा परिणाम गांजेपर्यंत, साधारण ५० किलोमीटर आत जाणवतो. म्हणजे साखळीच्या बाजारात पाणी शिरणार की नाही हे एका आकड्यावरून कळत नाही, वर पाऊस किती पडतोय, अंजुणे धरणातून पाणी सोडलंय का, वाळवंटीची पातळी किती, आणि त्याच वेळी खाली भरती चढतेय की सुकती लागलीय, हे सगळं एकत्र बघावं लागतं. जुलै २०२१ मध्ये म्हादई, म्हणजे वरच्या भागातली मांडवीच, फुगून सत्तरीतली घरं पडली तेव्हा नेमकं हेच एकत्र बघायला लोकांकडे काही नव्हतं, एक आकडा टीव्हीवर, दुसरा कोणाच्या तरी फोनवर, तिसरा कुठल्यातरी ऑफिसातल्या वहीत.

चार आलेख एकाखाली एक लावायचे आणि त्यांचा वेळेचा अक्ष एकच ठेवायचा, एवढंच करायचंय. बोकेमध्ये सगळ्या आलेखांना एकच एक्स-रेंज दिली की एक सरकवला की बाकीचे सोबत सरकतात. रात्री दोन वाजता पातळी का उसळली हे बघायला तिथे बोट नेलं की वर पावसाचे दांडे, खाली भरतीची लाट, सगळं त्याच उभ्या रेषेत समोर येतं. मुलांनी सरावासाठी केलेल्या एका आलेखात पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी बराच वेळ नुसता तो मागेपुढे सरकवत बसलो होतो. तक्त्यात बघून हे कधीच कळलं नसतं की पाऊस थांबल्यावरही पाणी चढत राहतं आणि ते किती वेळ, ते इथे नुसतं बघून समजतं. खाजन शेती (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीतली) करणाऱ्यांना, मानशीची (बांधातून पाणी आत-बाहेर सोडायच्या झडपेची) दारं सांभाळणाऱ्यांना, फेरीबोटीवर अवलंबून असलेल्या दिवाडी-चोडण बेटांवरच्या माणसांना याचा रोज उपयोग आहे, पूर नसतानाही.

पण नुसता हलणारा आलेख लावला म्हणजे झालं असं नाही, चुकीचा जिवंत आलेख जुन्या फोटोपेक्षा जास्त धोक्याचा कारण त्याच्यावर लोकांचा विश्वास बसतो. मला वाटतं याबद्दल आपल्याकडे पुरेसं बोललं जात नाही म्हणून इथे थोडं थांबतो.

पहिलं म्हणजे वेळ. बोके तारीख-वेळेचा अक्ष ग्रीनिचच्या वेळेप्रमाणे धरतो, टाइमझोनचं त्याला काही देणंघेणं नसतं, आपल्या वेळेत मुद्दाम बदलून दिलं नाही तर सगळे ठिपके साडेपाच तास मागे बसतात. पावसाच्या रोजच्या बेरजेत हे पटकन लक्षातही येत नाही. पण भरतीचं बघा, आपल्याकडे भरतीपासून सुकतीपर्यंत साधारण सव्वासहा तास लागतात, म्हणजे साडेपाच तासांची चूक झाली की आलेखात जिथे भरती दिसते तिथे प्रत्यक्षात जवळजवळ सुकती असते. त्या आलेखावर विसंबून कोणी मानशीचं दार उघडलं तर शेतात खारं पाणी. असला आलेख न दाखवलेलाच बरा.

दुसरं, यंत्र बंद पडलं तर काय दिसतं. पुरातच यंत्र बंद पडतं, वीज जाते, सिमकार्डाचं नेटवर्क जातं, आणि नेमकं तेव्हा आलेखाची रेषा शेवटच्या आकड्यावर शांत आडवी दिसत राहिली तर माणूस समजतो पाणी स्थिर आहे. आकडा नसेल तिथे रिकामी जागाच दिसली पाहिजे. बोकेमध्ये त्या ठिकाणी नॅन, म्हणजे 'आकडा नाही' अशी खूण, टाकलं की रेषा आपोआप तुटते, मागच्या आकड्याने भोक बुजवायचा मोह टाळायचा बस्स. आणि आलेखाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात शेवटची नोंद किती वाजताची ते, आणि ती जुनी झाली की त्या ओळीचा रंग बदलायला हवा. माझ्या मते हे नसेल तर बाकी कितीही सुंदर काम असलं तरी ते लोकांसमोर आणू नये.

तिसरं, मीटर कशापासून मोजले. समुद्रसपाटीपासून की त्या पट्टीच्या शून्यापासून हे लिहिलं नाही तर दोन ठिकाणच्या पातळ्या शेजारी ठेवून लोक भलतेच अर्थ काढतात. धोक्याची पातळी आडव्या रेषेने दाखवावी, आणि उभा अक्ष आपोआप ताणू देऊ नये, नाहीतर चार सेंटिमीटरचा चढ स्क्रीनभर डोंगरासारखा दिसतो आणि लोक घाबरतात.

आता सर्व्हरवरच्या भाराबद्दल, कारण हे ऐकून कोणीतरी उद्या सगळ्या गोव्यासाठी बोकेचा सर्व्हर उघडून ठेवेल आणि पहिल्याच मोठ्या पावसात तो झोपेल. प्रत्येक माणसाने पान उघडलं की सर्व्हरवर त्याच्यासाठी वेगळं सेशन तयार होतं, आलेखाची वेगळी प्रत मेमरीत राहते, आणि लाइन उघडी असेपर्यंत ती धरून ठेवावी लागते. पन्नास माणसांना हे मस्त चालतं. पुराच्या रात्री अख्खा डिचोली तालुका एकदम उघडून बसला तर चालणार नाही. म्हणून माझं मत असं की जिवंत जोडणीचा आलेख, स्लायडर आणि हिशेबांसकट, तो कंट्रोल रूममध्ये, मामलेदारांच्या ऑफिसात, पंचायतीत, कॉलेजांत चालवावा, जिथे माणसं खरोखर त्याच्याशी खेळून निर्णय घेतात. सामान्य लोकांसाठी तोच आलेख साध्या पानावर द्यावा, जे दर पाच-दहा मिनिटांनी एक छोटी आकड्यांची फाइल आणून स्वतःच रेषा काढेल, ती फाइल हजारो लोकांना द्यायला साधा वेबसर्व्हर पुरतो. बोके हेही करू देतं, पायथॉनशिवाय नुसत्या ब्राउझरमध्ये चालणारा आलेख. दोन्ही एकाच आकड्यांवर चालले की झालं.

चालवणाऱ्यांसाठी आणखी थोडं, हे वाचून कोणी हात घातला तर उपयोगी पडेल. बोके स्वतः ५००६ पोर्टवर उघडतं, ते थेट जगाला उघडं करू नका, पुढे एनजिनएक्ससारखा सर्व्हर ठेवा आणि त्यात वेबसॉकेटचा अपग्रेड हेडर (लाइन उघडी ठेवायची विनंती) पुढे पाठवायला विसरू नका, तो नसला की पान उघडतं पण आलेख कोरा राहतो आणि मुलं दिवसभर आपल्या कोडमध्ये चूक शोधत बसतात. कुठल्या पत्त्यावरून वेबसॉकेट उघडू द्यायचा त्याची यादी सर्व्हर सुरू करताना द्यावी लागते, घाईत तिथे चांदणी (*) टाकून सगळ्यांना मोकळं करू नका. बोके दर ३७ सेकंदांनी एक पिंग, म्हणजे लाइन चालू आहे ना हे बघणारा छोटा निरोप, पाठवतं म्हणून पंधरा मिनिटं नवीन आकडा आला नाही तरी लाइन सहसा तुटत नाही, पण डोंगरातल्या मोबाइलवर ती तुटणारच असं धरून चाला आणि तुटली की स्क्रीनवर स्पष्ट कळू द्या. आणि यंत्रांना जोडलेल्या जाळ्यातून आकडे फक्त बाहेर यावेत, या पानावरून आत काही लिहिता येऊ नये, धरणाच्या बाबतीत तर अजिबातच नाही.

भाषेचंही बघा. ठिकाणांची नावं, अक्षांवरचे शब्द, सूचना, सगळं देवनागरीत द्यायला काहीही अडचण नाही, ब्राउझर ते व्यवस्थित दाखवतो, तरी आपल्याकडे असली पानं इंग्रजीतच निघतात. मोर्ले, केरी, पर्ये इथल्या माणसाला आपल्या गावाचं नाव आपल्या लिपीत दिसलं पाहिजे, त्याच्यासाठीच तर हे करायचं.

हे करणार कोण असं विचाराल तर माणसं इथेच आहेत. फर्मागुढीला इंजिनिअरिंग कॉलेज आहे, ताळगावला विद्यापीठ आहे, दोनापावलाला १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, समुद्र आणि खाडी कळणारी माणसं तिथे बसतात. शाळांमध्ये केअर्स योजनेतून सहावी ते आठवीच्या मुलांना कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवलं जातं. दरवर्षी शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्टला विषय शोधत फिरतात आणि शेवटी परदेशातल्या कुठल्यातरी शेअरबाजाराच्या किंवा फुलांच्या पाकळ्यांच्या आकड्यांवर काहीतरी करून मोकळी होतात, कारण आपल्या नदीचे आकडे त्यांना मशीनला वाचता येतील अशा रूपात मिळतच नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं. एका मुलीने तालुक्याच्या पावसाचे आकडे पीडीएफमधून हाताने उतरवून घेतले होते, पान न् पान, तिचा अर्धा वेळ त्यातच गेला आणि आलेखाला हात लावायला शेवटचे थोडे दिवस उरले. तिच्याकडून आपण टायपिंग करून घेतलं, तिला येत होतं ते त्याहून कितीतरी जास्त होतं.

म्हणून संबंधित खात्यांकडे तुमच्या वृत्तपत्रातून मागणी करतो, सगळ्या गोव्याचं एकदम नको, आधी वाळवंटी घ्या. साखळीची नदीची पातळी, अंजुणे धरणाची पातळी आणि सोडलेलं पाणी, वरच्या भागातला पाऊस, एवढे आकडे मशीनला वाचता येणाऱ्या साध्या सीएसव्ही किंवा जेसॉन फाइलमध्ये, प्रत्येक नोंदीसोबत भारतीय वेळ आणि मीटर कशापासून मोजले ते लिहून, एका कायम न बदलणाऱ्या पत्त्यावर ठेवा, लॉगिनशिवाय. आलेख खात्याने बनवला नाही तरी चालेल, पत्ता मिळाला की कॉलेजांतली मुलं बनवतील आणि एकापेक्षा एक चांगले बनवतील. मागच्या वर्षांच्या नोंदीही त्याच फाइलच्या रूपात द्या, २०२१ च्या त्या जुलैच्या तर आधी द्या, म्हणजे आलेखावर आजच्या रेषेच्या मागे फिकट रंगात तेव्हाची रेषा ठेवता येईल आणि पाणी त्या वाटेने निघालंय का ते बाजारातल्या माणसाला वेळेत दिसेल. आणि यंत्र बंद पडलं तर कोणाला फोन करायचा ते एक नाव, एक नंबर त्या पानावर असू दे.

गणेश चवथीच्या आधी मोठा पाऊस येतोच, तेवढ्यात सगळं जमणार नाही हे मला कळतं. पण फाइलचा पत्ता जाहीर करायला एवढे दिवस लागत नाहीत. ज्या खात्याला यासाठी मुलं हवी असतील त्यांनी कुठल्याही जवळच्या कॉलेजच्या संगणक विभागात विचारावं, आमच्याकडे विचारलं तर मी स्वतः मुलांना घेऊन येईन, शनिवार-रविवारीही.

आपला,
एक संगणक शिक्षक
डिचोली, गोवा